कॅप्सूल बंद करायची, की शेत विकायचं?

पत्राचा गोषवारा: पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलेला. गेल्या वर्षी त्याला तीनदा दवाखान्यात भरती करावं लागलं, एकदा रक्त चढवलं. त्यानंतर डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सुरू केली, त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तो एकदाच भरती झाला, रक्त लागलं नाही. पण नव्या रिपोर्टात एचबी-एसचा, म्हणजे सिकलसेलच्या सदोष हिमोग्लोबिनचा आकडा ६२ वरून ७९ टक्के झालेला दिसला आणि घरात भांडण पेटलं. सासूबाई म्हणतात, ही कॅन्सरची गोळी, लेकराची नखं काळी पडली, बंद करा. दिरांनी मोबाइलवर पाहिलं की जनुक बदलून सिकलसेल मुळापासून बरा होतो. त्यांचं म्हणणं, तीन एकरांतलं दोन एकर विका आणि पोराला मुंबईला न्या. हा आजार एका प्रथिनाचा आहे असं डॉक्टर बोलले होते, म्हणून दिरांनी प्रथिनांच्या पावडरचा डबाही आणून ठेवला आहे. नवरा काहीच बोलत नाही. 'हे दुखणं तुझ्या माहेरून आलं' हेही ऐकावं लागतं. धाकटी मुलगी सात वर्षांची. पुढे लग्नाला आडवं येईल म्हणून तिची तपासणी कुणी करू देत नाही. आई विचारते, गोळी थांबवू का? शेत विकू देऊ का?

ताई,

आधी दोन गोष्टी सरळ सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल थांबवू नका. आणि सातबाऱ्याला सध्या कुणाला हात लावू देऊ नका. का, ते आता सविस्तर सांगतो.

तुम्ही दोन्ही रिपोर्टचे फोटो जोडलेत, ते फार बरं केलंत. घरातलं सगळं भांडण एका ओळीवरून आहे: एस ६२ होता, ७९ झाला, म्हणजे आजार वाढला. आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे. जुना रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्यात एचबी-ए, म्हणजे निरोगी माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, या ओळीसमोर २४ लिहिलं आहे. एसएस मुलाच्या शरीरात एचबी-ए तयारच होत नाही. मग हे २४ टक्के आले कुठून? ते रक्तदात्याचे. वरच्या कोपऱ्यातली तारीख बघा; रक्त चढवल्यानंतर तीन आठवड्यांनी तो नमुना घेतला होता. बाहेरचं रक्त मिसळलेलं असल्यामुळे त्या दिवशी एसचा वाटा कमी दिसला. चढवलेल्या पेशी तीन-चार महिन्यांत संपतात. नव्या रिपोर्टात ए शून्य आहे, म्हणजे आता दिसतं ते सगळं रक्त त्याचं स्वतःचं. दोन कागदांवरचा एस शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही.

आता हिमोग्लोबिनच्या तिसऱ्या प्रकाराची, एफची ओळ वाचा, जिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा ११, आता १८. पहिल्या रिपोर्टातून दात्याचं रक्त वजा करून हिशेब केला तर त्याचा स्वतःचा एफ साधारण १५ टक्के येतो. म्हणजे १५ वरून १८. उडी मोठी नाही, पण दिशा बरोबर आहे. हिमोग्लोबिनही ७.४ वरून ८.९ झालं आहे. तुमच्यासारख्या कितीतरी आया रक्त चढवल्यानंतर लगेच केलेला रिपोर्ट जपून ठेवतात आणि पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशी ताडून घाबरतात. म्हणून प्रत्येक रिपोर्टाच्या मागे पेनानं लिहून ठेवा: याआधी रक्त कधी चढवलं होतं.

हा एफ म्हणजे काय, ते जरा खोलात सांगतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्यापाशीच आहेत.

हिमोग्लोबिन हे लाल पेशीतलं, ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. सिकलसेलमध्ये त्याच्या बीटा नावाच्या, अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं. फरक एवढाच. दोष या रेणूतच आहे हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. ऑक्सिजन सोडला की एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. तुमचा मुलगा रात्री मांडी आवळून धरतो, तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, तेच एफ. जन्मानंतरच्या काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं. म्हणून एसएस बाळ पहिले काही महिने धडधाकट दिसतं आणि मग एकदम हातापायांची बोटं सुजू लागतात. नवजात बाळांना हा त्रास का होत नाही, याचं उत्तर एफमध्ये असावं असं अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. पुढे ते खरं ठरलं. एफचा रेणू म्हणजे साखळीत न अडकणारी कडी. ती मध्ये आली की एसचा दांडा लांबत नाही. तेव्हापासून डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एकच प्रश्न विचारत आले: शरीराने बंद केलेलं हे प्रथिन पुन्हा सुरू करता येईल का?

तुमच्या घरातली कॅप्सूल हे त्याचं पहिलं उत्तर. हायड्रॉक्सीयुरिया एफ वाढवतं, लाल पेशी थोड्या मोठ्या आणि लवचीक करतं, आणि चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी करतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके त्याने जवळपास निम्म्यावर आले आणि १९९८ मध्ये तिथे त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडच्या मुलांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. नागपुरातच गंभीर त्रास असलेल्या मुलांवर किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झटके, भरती आणि रक्त चढवण्याची गरज, तिन्ही कमी झाली होती. तुमच्या मुलाचे गेले आठ महिने हेच सांगतात.

सासूबाईंची भीती मात्र उडवून लावू नका. हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात, हे खरं आहे. त्यांनी ते कुठेतरी ऐकलं आणि नातवासाठी त्यांच्या जिवाचं पाणी झालं. त्यांना जवळ बसवून सांगा की औषध तेच असलं तरी इथे मात्रा आणि काम वेगळं आहे. सिकलसेलचे रुग्ण वर्षानुवर्षं ते घेत आले आहेत आणि त्यामुळे त्यांच्यात कर्करोग वाढल्याचं आढळलेलं नाही. नखांवरच्या काळ्या रेघा या औषधाने येतात, त्यांनी अपाय होत नाही. खरी काळजी घ्यायची ती रक्तपेशींची. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. त्यासाठी सुरुवातीला दर महिन्याला आणि मग दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते. धानाची रोवणी असो की घरात लग्न असो, ती तारीख चुकवू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने कॅप्सूल उघडू नये, आतल्या पावडरीला हात लावू नये. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या बाप होण्याबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं लागेल, कारण काही पुरुषांत या औषधाने शुक्राणू कमी होतात.

आणखी एक विचारा. मात्रा वजनावर ठरते आणि अकरा वर्षांचं पोर वर्षभरात बरंच वाढतं. आठ महिन्यांपूर्वीची मात्रा आजही तीच असेल, तर वजन करून पुन्हा ठरवायला सांगा. एफ हवा तेवढा न वाढण्याचं कारण अनेकदा इतकं साधं असतं. दुसरं तितकंच साधं कारण म्हणजे मधे मधे गोळी चुकणं. तुमच्या घरात सध्या जे चाललं आहे ते पाहता, ती त्याला रोज मिळते का, हे तुम्हीच स्वतः बघा.

आता एक सावधगिरी. एफचा आकडा कळला म्हणजे आता त्याच्याकडेच डोळे लावून बसायचं, असं करू नका. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत एफ मुळातच बराच असतो, म्हणून इथला आजार सौम्य असतो असं पूर्वी मानत. विदर्भातल्या बालरोग विभागांत येणारी मुलं पाहिली की तसं म्हणवत नाही. एफ सगळ्या पेशींत सारखा वाटलेला नसतो. काही पेशींत भरपूर असतो, काहींत नावालाही नाही, आणि त्या रित्या पेशी वाकतात. म्हणून १८ टक्क्यांची दोन मुलं सारखी नसतात. एक शाळेत पळतं, दुसरं महिन्याला भरती होतं.

आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं धरून चालल्याने काय होतं, याचं अगदी अलीकडचं उदाहरण आहे. व्होक्सेलोटर नावाचं औषध थेट हिमोग्लोबिनला धरतं आणि त्याचे दांडे होऊ देत नाही. त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं, एवढ्या पुराव्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातल्या बाजारातून मागे घेतलं, कारण अभ्यासांमध्ये औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू जास्त दिसू लागले होते. हे ऐकून सगळ्याच औषधांना घाबरायचं कारण नाही. पण रिपोर्टाच्या फाइलमध्ये एक साधी वहीसुद्धा ठेवा. शाळा किती दिवस बुडली, दुखणं कधी उठलं, किती रात्री झोप झाली नाही, भरती, रक्त. डॉक्टरांना एफच्या बरोबरीने ही वही दाखवा. मला विचाराल तर तीन भरतींची एक झाली, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी होती, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली होती.

दिरांकडे वळू. त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. २००८ च्या सुमारास कळलं की बीसीएल११ए नावाचं दुसरं एक प्रथिन एफचं काम बंद पाडतं. रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये त्यालाच आवरलं तर एफ पुन्हा सुरू होतो. या आधारावरचा जनुक-संपादनाचा उपचार, कॅसजेव्ही, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला. ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला, त्यातल्या बहुतेक रुग्णांना वर्षभर मोठा झटका आला नाही. ही थोर गोष्ट आहे. पण नीट बघा, दिरांचा व्हिडिओ आणि तुमची कॅप्सूल यांचं लक्ष्य एकच आहे, एफ. कॅप्सूल तो थोडा वाढवते, जनुक-संपादन खूप वाढवतं. घरात मात्र हे दोन शत्रू असल्यासारखं भांडण चाललं आहे.

आता त्या उपचाराची दुसरी बाजू. २०२३ मधली ती मान्यता बारा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्यांना होती. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून जास्त. दोन एकर काय, अख्ख्या गावाचं शिवार विकलं तरी पुरायचं नाही. शिवाय बदललेल्या पेशी परत घालण्याआधी जोरदार केमोथेरपी देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करावी लागते. त्यात जिवाचा धोका असतो आणि पुढे मूल न होण्याची शक्यता असते. सासूबाई कॅप्सूलला 'कॅन्सरची गोळी' म्हणतात, ते खरं तर इथे लागू पडतं. आपल्या देशातही काम चाललं आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेने बिरसा १०१ नावाचा देशी जनुक-संपादन उपचार विकसित केला आहे. तो आज गावच्या मुलाला मिळेल असा नाही. उद्या मिळू लागला तर ज्याची किडनी, मेंदू आणि फुप्फुसं शाबूत आहेत त्या मुलालाच त्याचा खरा फायदा होईल. ते शाबूत ठेवण्याचं काम आज कॅप्सूल करते आहे. आणि कुणी एजंट 'आम्ही मुंबईत जीन थेरपी करून देतो, आधी इतके भरा' म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पावडरचा डबा: खाल्लेलं प्रथिन पोटात पचून त्याचे तुकडे होतात. त्याने एस बदलत नाही, एफ वाढत नाही. मुलाला डाळ, अंडं, लाखोळीची भाजी, घरचं जेवण पोटभर द्या. तेच पैसे एसटीच्या खर्चाला ठेवा, असं म्हणणार होतो, पण एसटीच्या साध्या बसने सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे, तो तुम्ही घेता का? डेपोत विचारा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल येतो, त्यामुळे प्रमाणपत्राचीही चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

शेत विकण्याचा विचार कधी करावाच लागला, तर तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी करावा लागेल, आणि तिथे तुमची धाकटी येते. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळली तर दहापैकी साधारण नऊ मुलं या उपचाराने आजारमुक्त होतात. भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड वाहक, म्हणजे एकच एस असलेलं पण आजारी नसलेलं, असलं तरी चालतं, स्वतः एसएस असून चालत नाही. खर्च लाखांत जातो आणि धोकेही आहेत. म्हणून मुलगा कॅप्सूलवर बरा असेल तर घाई नाही. पण झटके परत वाढले किंवा मेंदूला धोका दिसला, तर मोठ्या केंद्रात हा प्रश्न विचारायचा.

तरी मुलीची तपासणी दादासाठी नाही, तिच्या स्वतःसाठी करा. तुमच्या प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक होती. ती सात वर्षांची आहे, अधूनमधून 'अंग ठणकतं' म्हणते असं तुम्हीच लिहिलंय, आणि पाठोपाठ 'खेळून दमते' असंही लिहिलंय. कदाचित तसंच असेल. पण ती एसएस असेल तर रोज जाणारा दिवस तिचं औषध लांबवतो. आणि वाहक निघाली तर तिला काही आजार नाही, फक्त पुढे जोडीदाराची तपासणी आधी करायची. लग्न मोडेल या धास्तीने लपवलं आणि समोरचाही वाहक निघाला, तर तुम्ही आज जे भोगता ते उद्या ती भोगेल. तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. सोल्युबिलिटी ही रक्तात एस आहे का एवढंच सांगणारी पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली, तर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी पुढची एचपीएलसी मागूनच घ्या, कारण वाहक की आजारी हे पहिल्या तपासणीत कळत नाही.

आणि 'माहेरून आलं' म्हणणाऱ्यांना एकच सांगा. एसएस व्हायला एक एस आईचा लागतो आणि एक बापाचा. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. तुमच्या यजमानांच्या अंगातही तो एस आहे. त्यांच्या गप्प बसण्यामागे हेच असेल का, मला माहीत नाही. पण त्यांना दोष न देता, दोघांनी मिळून तपासणीला जाऊ असं म्हणून बघा. पुढच्या वेळी दवाखान्यात तुम्ही एकट्या जाऊ नका, त्यांना सोबत न्या. जमलं तर दिरांनाही न्या. ज्याला पुतण्यासाठी शेत विकावंसं वाटतं त्याच्या मनात माया आहे, तिला फक्त नीट माहिती मिळाली पाहिजे.

घरी रोज करायच्या गोष्टी तुम्हाला बऱ्याच ठाऊक आहेत, तरी विदर्भातल्या इतर आयांसाठी लिहितो. पाणी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तेंदूपत्त्याला मुलाला नेऊ नका. थंडीत बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, पोहणं नको. या मुलांची किडनी पाणी धरून ठेवत नाही, त्यांना लघवीला वारंवार लागते, अंथरूणही ओलं होतं, मारू नका. गुरुजींना भेटून सांगा की त्याला वर्गात पाण्याची बाटली आणि केव्हाही बाहेर जायची मोकळीक हवी. १०१ वर ताप गेला, छाती दुखली, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली रोज हात लावायची सवय ठेवा. पानथरी (प्लीहा) एकदम मोठी लागली आणि पोर फिकट पडलं, तरी तेच. फॉलिक आम्ल आणि न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरांना विचारा, आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली नसेल तर तीही. कॅप्सूल संपायच्या आठ दिवस आधी आणायला जा, कारण आरोग्य केंद्रात कधी कधी साठा नसतो.

पुढची तारीख तुम्ही वीसची लिहिली आहे. दोन्ही रिपोर्ट, वही आणि मुलाचं वजन घेऊन जा, आणि मुलीलाही त्याच दिवशी सोबत न्या.